गाडीचं लाकूड : सागवान की धावडा?

जुन्या परदेशी गाड्यांचे फोटो बघताना एक प्रकार हमखास दिसतो. पुढचा भाग साधा, स्टीलचा आणि मागच्या बाजूला बाहेरूनच दिसणारी पिवळसर लाकडी चौकट. बघणाऱ्याला वाटतं, काय नखरे आहेत! पण इतिहास नेमका उलटा आहे. लाकूड आधी होतं, स्टील नंतर आलं.

मोटार आली तेव्हा कारखाना बहुतेक वेळा चासी, इंजिन आणि चाकं देऊन मोकळा व्हायचा. वरचं 'घर' बांधायचे ते बग्ग्या बांधणारे कारागीर. आपल्याकडे मद्रासची सिम्प्सन ही कंपनी १८४० ची, म्हणजे घोडागाड्यांच्या जमान्यातली. पुढे तिनेच मोटारींच्या बॉड्या बांधल्या. पद्धत तीच जुनी : लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी मध्येसुद्धा पत्र्याखाली भरपूर लाकूड होतं. इतकं, की त्याने १९२० मध्ये मिशिगनमध्ये तीन लाख एकरांहून जास्त जंगल विकत घेतलं आणि आयर्न माउंटनला लाकूड कापायचा कारखाना काढला. (तिथल्या भुश्यापासून आणि तुकड्यांपासून कोळशाच्या वड्या बनवायचा उद्योग सुरू झाला. अमेरिकेत आजही बार्बेक्यूसाठी किंग्जफर्ड नावाचा कोळसा विकतात, तो हाच. टाकाऊ माल वाया न घालवणारा माणूस!)

१९२९ मध्ये फोर्डने मॉडेल ए ची लाकडी बॉडीची स्टेशन वॅगन आणली. नावावरूनच कळतं, रेल्वे स्टेशनवरून पाहुणे आणि सामान आणायची गाडी. म्हणजे ही मुळात शानशौकीची नव्हे, कामाची वस्तू. शान नंतर चिकटली. १९४६ मध्ये विलीजने जीपवर बेतलेली पूर्ण स्टीलची स्टेशन वॅगन काढली आणि गंमत बघा, तिला रंग असा दिला की लाकडी वाटावी. खरं बाहेरचं लाकूड असलेली अमेरिकेतली शेवटची मोठी गाडी १९५३ ची ब्यूक. त्यानंतर लाकडाचं चित्र छापलेली फिल्म चिकटवायला लागले. सांगाडा, मग शोभा, मग स्टिकर!

इंग्लंडमध्ये मात्र १९५३ मध्येच मॉरिस मायनरची ट्रॅव्हलर आली आणि १९७१ पर्यंत बनत राहिली. हिची मागची ॲश लाकडाची चौकट शोभेची नाही, मागचा सगळा भाग तीच धरून ठेवते. तिकडच्या वार्षिक तपासणीत ती कुजलेली सापडली तर गाडी नापास. म्हणून लाकूड बदलायच्या आधी पहिला प्रश्न हा : आपलं लाकूड भार घेतंय की नुसतं दिसतंय? दोन्हीची खरेदी वेगळी, दोन्हीची फिटिंग वेगळी.

आता वडसा. माझं आजोळ. कागदावर देसाईगंज, तोंडात वडसा. वैनगंगेच्या काठी, आणि कित्येक वर्षं गडचिरोली जिल्ह्यातलं एकुलतं एक रेल्वे स्टेशन. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं बुकिंग इथूनच चालतं. जीप या भागाला नवीन नाही. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली आणि जंगलातल्या रस्त्यांवर तेच वाहन टिकलं. अशा जुन्या गाडीला लाकूड लावायचं म्हटलं की इथे कोणीही एकच शब्द उच्चारेल : सागवान.

बरोबरच आहे म्हणा. आलापल्लीचा साग जगात नावाजलेला, बल्लारपूरचा लाकूड डेपो प्रसिद्ध. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग गेला तो इथूनच. नव्या संसद भवनाच्या सामानाच्या यादीत साग 'नागपूरचा' म्हणून लिहिलाय. आता साग काही सीताबर्डीच्या चौकात उगवत नाही, पण असो.

तरीही भार घेणाऱ्या चौकटीसाठी माझं मत सागाला नाही. ॲश निवडलं जायचं ते धक्के सोसतं आणि वाफेवर वाकतं म्हणून. कुऱ्हाडीचे दांडे, हॉकी स्टिक त्याच्या. साग पाण्याला आणि वाळवीला दाद देत नाही, आकार फारसा बदलत नाही, पण धक्क्याच्या बाबतीत ॲशएवढा चिवट नाही. आपल्या जंगलात ॲशचा खरा भाऊबंद म्हणजे धावडा. इंग्रजीत त्याला ॲक्सलवुडच म्हणतात, म्हणजे आसाचं लाकूड. आणि दुसरा तिवस. बैलगाडी बनवणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, पण संसदेच्या यादीत धावडा कशाला येईल? तोटेही आहेत. धावडा जड असतो आणि घाईने वाळवला तर हटकून तडकतो. म्हणून भाराला धावडा किंवा तिवस, शोभेच्या पट्टीला साग.

खरेदीत प्रश्न पैशाआधी कागदाचा. सरकारी डेपोत ओंडक्यांचा लिलाव होतो, घनमीटरमध्ये. आपल्याला हवं चार घनफूट, तेव्हा गाठायची आरा मशीन. बिल घ्याच आणि वाहतूक परवान्याचं, म्हणजे 'टीपी'चं, तिथेच विचारून घ्या. शहरी माणसाला ही कटकट वाटते. पण जंगलात राहणाऱ्यांसाठी या कागदाचं वजन फार वेगळं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तरी स्वतःच्या जंगलातला बांबू विकायला लागणारं परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडायला एप्रिल २०११ उजाडला. तेही बांबूचं. इमारती लाकूड त्या हक्कात आजही नाही. आपल्याला हौसेसाठी जो कागद एका फेरीत मिळतो, तो तिथे भांडून मिळवावा लागला.

फिटिंगचं थोडक्यात. जुना तुकडा कितीही कुजलेला असो, फेकू नका, तोच साचा. लाकूड वाळलेलं हवं, उघड्यावर वाळवायचं तर इंचाला वर्ष हा ठोकताळा. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री आणि जुलैत सगळं ओलंगच्च. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, म्हणून स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने किंचित लांबट ठेवायची. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. आधी सगळं कोरडं जुळवून बघायचं, मग सोडवून पॉलिश. मागची बाजू आणि कापलेली टोकं आधी, कारण पाणी तिथूनच शिरतं. साग चिकटवायचा असेल तर चिकटवण्याच्या तोंडावर थिनरने पुसायचा, त्याचं तेल डिंकाला धरू देत नाही. आणि खालच्या पट्टीत पाणी निघायची भोकं. ट्रॅव्हलरची चौकट कुजते ती बहुतेक खालूनच.

हे काम कोण करेल? फर्निचरवाला सुतार नको, त्याची वस्तू जागेवर उभी असते. ट्रकची बॉडी बांधणारा मिस्त्री शोधा. १९५४ पासून टाटा-मर्सिडीजचे ट्रक निघाले आणि नुसती चासी घेऊन गावात बॉडी बांधायची रीत पडली. मद्रासच्या बग्गीवाल्यांचंच काम, फक्त फाळक्यावर पत्ता वेगळा. खड्ड्यात गेलेल्या गाडीत कुठला सांधा आधी सुटतो, हे त्याला पाठ असतं. आता बॉड्या स्टीलच्या येतात, त्यामुळे असा मिस्त्री बहुधा म्हातारा असेल आणि दुपारी झोपलेला असेल. सकाळी जा.