दाढेचं पासबुक

परवा माझी खालची डावीकडची दाढ काढली. डॉक्टरांनी ती कागदाच्या पुडीत बांधून, मारुतीचा अंगारा द्यावा तशी माझ्या हातावर ठेवली. घरी येताच सौ. म्हणाली, "आधी ती घाण बाहेर टाका!"

एरवी टाकलीही असती. पण त्याच आठवड्यात मी इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाबद्दल वाचलं होतं. मी पडलो बी.कॉम.; इतिहासाचा आणि माझा संबंध शाळेतल्या सनावळ्यांबरोबरच संपला होता. पण हा इतिहास हिशेबाचा निघाला, आणि हिशेब म्हटला की बँकेतल्या कारकुनाचे कान आपोआप टवकारतात.

हा रिचर्ड १४८३ साली गादीवर बसला आणि २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. मग जिंकलेल्या ट्यूडर घराण्याच्या राज्यात त्याच्याबद्दल काय काय लिहिलं गेलं म्हणता! बदली होऊन गेलेल्या मॅनेजरबद्दल मागे राहिलेला स्टाफ बोलतो, अगदी तसं. शेक्सपिअरने तर त्याला नाटकातला पक्का खलनायक करून टाकला. त्याचं प्रेत लेस्टर गावातल्या एका मठात पुरलं होतं. पुढे मठ पडला, जागाही विसरली गेली. २०१२ साली खोदकाम झालं तेव्हा राजेसाहेब सापडले ते मोटारी लावायच्या जागेखाली! ५२७ वर्षं एकाच जागी पार्किंग. आमच्या गल्लीत हे फक्त एका बंद पडलेल्या फियाटला जमलं होतं.

हाडं त्याचीच, हे २०१३ साली जाहीर झालं. आणि २०१४ साली ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण आणि लेस्टर विद्यापीठातल्या मंडळींनी त्या हाडांचं चक्क ऑडिट केलं.

त्याची रीत अशी. एकाच मूलद्रव्याचे काही अणू आपल्या भावंडांपेक्षा थोडे वजनदार असतात. यांना समस्थानिकं म्हणतात. त्यातली काही किरणोत्सारी असतात, ती झिजत जातात. जी स्थिर, ती मात्र पर्मनंट स्टाफसारखी. शतकं लोटली तरी जागची हलत नाहीत. आपण पितो त्या पाण्यातला ऑक्सिजन प्रदेशाप्रमाणे बदलतो. जमिनीखालच्या खडकातलं स्ट्रॉन्शियम मातीतून धान्यात आणि धान्यातून दातात येतं. मासे-मटण जास्त खाल्लं की वजनदार नायट्रोजन वाढतो. आणि गहू-तांदळाच्या कार्बनची सही वेगळी, ज्वारी-बाजरी-मक्याची वेगळी.

आता गंमत पाहा. दातावरचं कवच लहानपणी एकदा घडतं, मग बदलत नाही. म्हणजे ती मुदत ठेव. मधे काढता येत नाही की भरता येत नाही. मांडीचं हाड सावकाश नवं होत राहतं, म्हणून त्यात शेवटच्या दहा-पंधरा वर्षांची सरासरी मिळते. ते आमचं जाडजूड लेजर. आणि बरगडी भराभर बदलते. तिच्यात फक्त शेवटच्या दोन ते पाच वर्षांच्या नोंदी. ते चालू खातं.

रिचर्डच्या दातांनी सांगितलं, की पूर्व इंग्लंडात जन्मलेलं हे पोर सातव्या वर्षाच्या सुमारास पश्चिमेकडे, जास्त पावसाच्या आणि जुन्या खडकांच्या मुलखात राहत होतं. बहुधा वेल्सच्या सीमेवर. आणि १४५९ साली तो तिथल्या लडलो गावी होता, हे कागदोपत्रीही आहे. व्हाउचर आणि लेजर जुळलं, की आम्हांला जो आनंद होतो, तो मला तिथे झाला.

बरगडी मात्र जास्त बोलकी निघाली. राजा झाल्यावर त्याचा आहार एकदम बदललेला दिसतो. गोड्या पाण्यातले मासे आणि हंस, बगळे, क्रौंच असली मेजवानीची पाखरं. (आपल्याकडे हंस निरोप पोचवतो, तिकडे तो ताटात पोचला.) शिवाय बरगडीतला ऑक्सिजन तो राहत होता तिथल्या पाण्याशी जुळेना. संशोधकांनी निष्कर्ष काढला, की महाराज पाण्याच्या जोडीला वाइन भरपूर घेत होते! बढती मिळाल्यावर माणसाचं कोणतं पान आधी बदलतं, हे पाचशे वर्षांत काही बदललेलं नाही.

मात्र ऑडिटरला सगळंच सापडतं असं नाही. रिचर्डने आपल्या दोन पुतण्यांचं काय केलं, हा इंग्रजांचा जुना वाद आहे. त्याबद्दल बरगडी चकार शब्द बोलत नाही. काय खाल्लं ते हाडं सांगतात. ते पचलं कसं, ते नाही.

हे सगळं मी सौ.ला समजावून सांगत होतो. शेवटी ती म्हणाली, "अहो, पण तुमच्या दाढेत काय मेलं सापडणार? हंस?"

आणि मी गप्प झालो.

कारण मला ठाऊक होतं काय सापडणार ते. ज्वारी.

माझा जन्म सोलापूर जिल्ह्यातला. पुण्याला वसतिगृहात आलो तेव्हा आई एस.टी.ने कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी पाठवायची. बाकीची पोरं पोळी खाणारी. मला लाज वाटे. म्हणून मी भाकऱ्या ट्रंकेत लपवायचो आणि दिवा मालवल्यावर खायचो. कडक भाकरी चोरून खाणं म्हणजे ताशा वाजवत घरफोडी करण्यासारखं! चौथ्या दिवशी सगळ्या खोलीला कळलं. पुढच्या वेळी मी आईला लिहिलं, "पाठवू नकोस. इथे मिळतं सगळं."

तिने पुन्हा पाठवल्या नाहीत. नंतर मी पुण्याची बायको केली आणि सासुरवाडीत "आम्ही पुण्याचेच" असं सांगू लागलो. माझ्या मांडीच्या हाडाला ते पटेलही; वीस वर्षं पोळी-भात चालू आहे. दाढेला पटायचं नाही. पहिली कायमची दाढ तीन वर्षांच्या आत घडते म्हणतात. त्या वयात मी खात होतो ती आईने दुधात कुस्करलेली भाकरी. ते दूधही कडबा खाणाऱ्या गाईचं, म्हणजे त्याच्यावरही ज्वारीचीच सही. खात्यातली पहिली नोंद आईच्या हातची होती, आणि ती खोडायची सोय नव्हती. आई जाऊन आता सहा वर्षं झाली.

यातलं सौ.ला किती सांगितलं ते आठवत नाही. तोंडात बोळा होता. तिने पुडी उचलली. मला वाटलं, चालली खिडकीकडे. पण ती कपाटाकडे गेली आणि मुदत ठेवींच्या पावत्या ठेवतो त्या डब्यात पुडी ठेवून आली.

"दोन दिवस चावायचं नाही म्हणालेत ना डॉक्टर?" ती म्हणाली. "मग संध्याकाळी भाकरीच करते. दुधात कुस्करून खा."