बंदुकीचा आकडा आणि आजोबांचा मेरू

कारकुनाचा आणि शिकारीचा संबंध काय, असं कुणीही विचारील. माझ्या बाबतीत तो एका रकान्यातून आला.

नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं माझ्याकडे बंदुकीच्या परवान्यांचं रजिस्टर होतं. निवडणूक जाहीर झाली की गावोगावच्या परवानेधारकांनी आपापल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागला की परत न्यायच्या, आणि आम्ही त्या सगळ्याचा मेळ घालत बसायचं. नाव, गाव, परवान्याचा क्रमांक, परवान्याचं कारण (बहुतेकांचं ‘पीक संरक्षण’), आणि शेवटी एक रकाना : ‘बोअर’. त्यात वरपासून खालपर्यंत १२, १२, १२. मध्येच एखादी ‘ठासणीची’. एकदा मात्र एका ओळीत ‘.३१५’ दिसलं. मला वाटलं लिहिणाऱ्याची चूक. शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेले एक गृहस्थ होते. त्यांना विचारलं, हा असला तिरपागडा आकडा कुठल्या जनावरासाठी? ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “तो आकडो जनावराखातीर न्हय रे, सरकाराखातीर!”

तेव्हा मी हसलो. पुढे पणजीच्या सेंट्रल लायब्ररीतून कॉर्बेट आणि इतर जुन्या शिकाऱ्यांची पुस्तकं आणून वाचत गेलो, तेव्हा कळलं की त्या एका वाक्यात शंभर वर्षांचा इतिहास होता.

मंडळी, आधी ह्या आकड्यांचा हिशेब सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ‘१२ बोअर’ म्हणजे नळीच्या तोंडात बरोबर बसेल अशा शिशाच्या १२ गोळ्यांचं वजन मिळून एक पौंड. म्हणून इथे आकडा जेवढा लहान तेवढी नळी मोठी. गेल्याच्या आधीच्या शतकात हत्ती-गव्यांसाठी ८ आणि ४ बोअरच्या बंदुका असत. ४ बोअरची एक गोळी पाव पौंडाची, म्हणजे ११३ ग्रॅम! रायफलीचा हिशेब वेगळा. तिथे नळीचा व्यास इंचात मोजतात. ‘.४५०’ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले साडेचारशे. जाता जाता एक गंमत. आपण ज्याला काडतूस म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांच्या ‘कार्तुश’वरून आला असं सांगतात. म्हणजे शब्द तरी आमच्या दारातूनच आत गेला म्हणायचा.

आता आजोबांची गोष्ट. आमचं मूळ घर सत्तरीतलं. मागे कुळागर, पुढे भाताची शेतं आणि पलीकडे डोंगर. आजोबांकडे एक ठासणीची बंदूक होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यायच्या आधीची ही गोष्ट, माझ्या जन्माच्याही कितीतरी आधीची. पण त्यांनी ती मला इतक्यांदा सांगितली की मी तिथे होतो असंच वाटतं. पिकल्या भातात रात्री रानडुक्कर शिरतं म्हणून ते माळ्यावर बसले होते. डुकरासाठी ठासलेला बार. आणि आला मेरू. (घाटावरच्या वाचकांसाठी : मेरू म्हणजे सांबर.) भलं मोठं शिंगाडं जनावर. आजोबांनी बार काढला.

“बार लागलो, पूण जनावर पडूंक ना.” इथे आले की ते थांबायचे. चौथ्या दिवशी ओहोळाच्या वरच्या अंगाला दुर्गंधी सुटली तेव्हा मेरू सापडला. पाण्यापर्यंत जायला निघाला होता, पोचला नव्हता. त्यानंतर आजोबांनी मोठ्या जनावरावर कधीही बंदूक धरली नाही. बार काढायचे तो नुसत्या दारूचा, आवाजापुरता. आजी म्हणायची, त्या वर्षी त्यांनी नवं भातसुद्धा नीट खाल्लं नाही.

मेरूसारख्या दोन-अडीचशे किलोच्या जनावरासाठी काय हवं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात होता. शिकार करायची म्हणून नव्हे. त्या जनावराला चार दिवस का लागले, हे कळावं म्हणून.

उत्तर तसं सोपं आहे. हरणाची कातडी पातळ, हाडं बेताची. तिथे हलकी, वेगवान, आत शिरल्यावर फुलणारी गोळी पुरते. गवा म्हणजे हाडामांसाची भिंत, क्वचित हजार किलोंच्या घरातली. तिथे जड, न फुलणारी, सरळ आत जाणारी गोळी लागते. फुलणारी लष्करी गोळी आपल्या हिंदुस्थानातलीच. कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात १८९० च्या दशकात ती लष्करासाठी बनली, म्हणून तिचं नावच ‘डमडम’ पडलं. १८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असं ठरलं, कारण माणसाला होणारी जखम फार क्रूर. आणि शिकारीत मात्र तीच गोळी दयाळू ठरली, कारण हरिण जागच्या जागी पडतं. आजोबांच्या छर्‍यांपाशी यातलं काहीच नव्हतं. वेग नाही, वजन नाही. छर्रे कातडीखाली जाऊन बसले असणार.

पण रायफलींचे आकडे असे जनावरं बघून ठरत गेले असतील, असं समजू नका. इथेच सरकार येतं.

काळ्या दारूच्या दिवसांत बंदूकवाले नळी मोठी करत गेले, कारण ताकद वाढवायला तोच सोपा उपाय होता. १८५६ च्या सुमारास लंडनच्या पर्डीने हलकी गोळी आणि जास्त दारू असं गणित मांडून वेगवान रायफल काढली आणि आगगाडीवरून तिला ‘एक्स्प्रेस ट्रेन’ नाव दिलं. ‘एक्स्प्रेस रायफल’ हे नाव तिथून रुळलं. पुढे बिनधुराची दारू, कॉर्डाइट, आली आणि १८९८ मध्ये रिग्बी कंपनीने ‘.४५० नायट्रो एक्स्प्रेस’ काढली. ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची गोळी, सेकंदाला साडेसहाशे मीटर वेग. जुन्या तोफेसारख्या बंदुका एका फटक्यात अडगळीत गेल्या. गव्यासाठी, वाघासाठी, हत्तीसाठी दुनळी .४५० घ्यावी, असं साहेबलोकांत ठरून गेलं.

पण तोवर वायव्य सरहद्दीवरच्या पठाण टोळ्यांकडे इंग्रजांच्याच जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली पोचल्या होत्या. चोरलेल्या, विकत घेतलेल्या, गावठी कारखान्यांत नक्कल केलेल्या. १८९७ च्या उठावात त्यांचा धाक सरकारने चांगलाच अनुभवला होता. आणि ह्या मार्टिनीची गोळीही .४५० चीच! शिकाऱ्याच्या काडतुसातली गोळी काढायची आणि मार्टिनीच्या काडतुसात भरायची. झालं काम. तेव्हा १९०७ च्या सुमारास सरकारने हुकूम काढला : .४५० व्यासाच्या रायफली आणि काडतुसं हिंदुस्थानात आणि सुदानात आणायची नाहीत.

आता कारकून म्हणून मला ह्यातला पुढचा भाग फार आवडतो. हुकूम आकड्यावर होता, म्हणून बंदूकवाल्यांनी आकडा बदलला. हॉलंड अँड हॉलंडने .४६५ काढली. जोसेफ लँगची .४७० पुढे आली. वेस्टली रिचर्ड्सची .४७६. जेफ्रीची .४७५. ताकद सगळ्यांची जवळजवळ तीच. प्रत्यक्ष गोळीचा व्यास बघितला तर .४५० आणि .४७० मध्ये अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. गव्याला तो कळायचं कारण नव्हतं. फरक कळायचा तो फक्त कस्टमच्या बाबूला! आणि आज जगभरातल्या बड्या शिकाऱ्यांत .४७० चं नाव मूळच्या .४५० पेक्षा मोठं झालं आहे. एका सरकारी हुकुमाने जन्माला घातलेलं काडतूस.

.३१५ ची कथा हीच, फक्त धाकटी. लष्कराची .३०३ खासगी माणसाला मिळू द्यायची नाही हे धोरण. मग साध्या शिकाऱ्याने हरणासाठी, डुकरासाठी काय घ्यायचं? तेव्हा ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर काडतुसाला .३१५ म्हणून इथे जागा मिळाली, कारण ते आपल्या लष्कराच्या कुठल्याही बंदुकीत बसत नव्हतं. ह्याही दोन गोळ्यांत फरक जेमतेम तिसरा हिस्सा मिलिमीटरचा. इंग्रज गेले, धोरण राहिलं. आपल्या १९६२ च्या शस्त्र नियमांतही .३०३ आणि ७.६२ निषिद्धच, आणि बंगालच्या इशापूर कारखान्यातून .३१५ ची स्पोर्टिंग रायफल बाजारात येत राहिली. शिकार १९७२ ला बंद झाली तरी. आणि उत्तर प्रदेश-बिहारच्या गुन्ह्यांच्या बातम्या वाचा : ‘३१५ बोअरचा देशी कट्टा’. गुंडांच्या हाती लष्कराचं काडतूस लागू नये म्हणून ठेवलेला आकडा, तोच गुंडांचा आवडता झाला. आमच्या त्या निवृत्त होणाऱ्या गृहस्थांना हे सांगायला हवं होतं. तोवर ते गेले होते.

बंदूक कुणी बाळगायची, हेही जनावराने ठरवलं नव्हतं. १८७८ च्या शस्त्र कायद्यात हिंदी माणसाला परवाना लागे, गोऱ्याला त्यातून सूट. म्हणजे साहेब दुनळी .४७० घेऊन हत्तीवर बसणार, आणि ज्याचं पीक डुक्कर खातं तो ठासणीत खिळे नि छर्रे भरणार. संस्थानिकांचं वेगळं. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे दाजीपूर. कोल्हापूरच्या महाराजांचं राखीव शिकारीचं रान. तेच १९५८ साली गव्यांचं अभयारण्य झालं. गोवा ह्या इंग्रजी कायद्याच्या बाहेर, पोर्तुगीजांखाली. पण गरिबाची बंदूक इथेही ठासणीचीच.

मग आकड्याला काहीच अर्थ नाही का? इथे कॉर्बेट आठवतो. १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे गेला तेव्हा त्याच्या हाती जाडजूड .५०० रायफल होती आणि काडतुसं फक्त तीन. तिन्ही संपली तरी वाघीण उभीच. शेवटी धावत जाऊन तहसीलदाराची खिळखिळी बंदूक आणावी लागली. त्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्याला रिग्बीची .२७५ भेट दिली. हलकी, सडपातळ, कागदावर हरणापुरती. .४५० च्या जवळजवळ निम्मी ताकद. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबळ्या तिच्यानेच पडला. १९३० मध्ये चौगढची वाघीण आठ फुटांवर समोर आली, तेव्हा कॉर्बेटच्या डाव्या हातात पक्ष्याची दोन अंडी होती आणि उजव्या एका हाताने त्याने हीच रायफल हळूहळू फिरवली. जड दुनळी एका हाताने फिरली असती का, हा विचार मी पुष्कळदा केला आहे.

तिकडे आफ्रिकेत बेल नावाच्या स्कॉटिश माणसाने ह्याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले. हत्तीची कवटी करवतीने कापून, मेंदू नेमका कुठे आहे ते बघून. हिशेब थंड, आणि हस्तिदंतासाठी. मला त्याचं कौतुक नाही. पण त्याने एक गोष्ट सिद्ध केली, की मोठा आकडा ही पुष्कळदा नेम आणि संयम नसल्याची भरपाई असते. जनावर पुरतं न दिसता बार काढायचा नाही, हे ज्याला जमतं त्याला लहान आकडा पुरतो. ज्याला जमत नाही त्याला मोठाही पुरत नाही. कॉर्बेटने तर हळूहळू रायफल खाली ठेवून कॅमेरा उचलला.

आजोबांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण जखमी जनावराची जबाबदारी बंदूक धरणाऱ्याची, हे त्यांना ठाऊक होतं. ते चारही दिवस ते रानात शोधत हिंडले होते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आजीने सांगितलं, ते गेल्यानंतर.

हल्ली आमच्या गावात गवे कुळागरात उतरतात. लोक वैतागतात, आणि त्यांचं चूक आहे असं माझ्याच्याने म्हणवत नाही. रात्रीत पोफळीची रोपं आडवी झालेली मी बघितली आहेत. नुकसानभरपाईच्या अर्जांचं काय होतं तेही मी टेबलाच्या ह्या बाजूने बघितलं आहे. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतोच, “एक बार काडूंक जाय.” पण रजिस्टरातला तो १२ चा रकाना मला पाठ आहे. १२ बोअरचे छर्रे गव्याला पाडणार नाहीत, फक्त जखमी करतील. मग तो कुठल्यातरी ओहोळाकडे चालू लागेल. कायदा सोडा, हे तरी लक्षात असू द्यावं.

आजोबांची बंदूक पुढे रीतसर जमा झाली. पावती अजून आमच्याकडे आहे. बोअरच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही, नुसती एक आडवी रेघ. असो.