बगलेचा पहारेकरी

बखरींत चढाई करणाऱ्याचे नाव येते, बुरूज राखणाऱ्याचे क्वचितच. फुटबॉलच्या इतिहासलेखनातही आम्हांस हेच दिसते. कुस्ती-कबड्डीच्या आमच्या ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरात तर फुलबॅक म्हणजे कोण, इथपासून सांगावे लागते : बगल सांभाळणारा, चुकला तरच नजरेत भरणारा बचावपटू.

मुंबईचा राहुल भेके हा बंगळुरू एफसीचा असाच उजवा फुलबॅक. १७ मार्च २०१८ रोजी घरच्या मैदानावर हा संघ इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना चेन्नईयिनकडून २-३ असा हरला. बरोबर वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, अंधेरीच्या मैदानात तो एफसी गोवासमोर पुन्हा अंतिम सामन्यास उभा ठाकला. नव्वद मिनिटे गोलशून्य. जादा वेळेत गोव्याचा अहमद जाहू दुसऱ्या पिवळ्या कार्डाने बाहेर. ११७व्या मिनिटाला दिमास देल्गादोने कॉर्नर घेतला आणि भेकेच्या डोक्याला लागून चेंडू जाळ्यात गेला. बंगळुरूचे ते पहिले आयएसएल विजेतेपद. जूनमध्ये किंग्ज कपात कुरासाओविरुद्ध तो भारताकडून प्रथम खेळला. तोवर वयाची अठ्ठावीस वर्षे उलटली होती!

त्या मोसमाची आठवण बहुधा या एका गोलापाशीच थांबते. आम्हांस उरलेला सामना अधिक बोलका वाटतो. त्या हंगामात सर्वाधिक, १६ गोल करणाऱ्या गोव्याच्या फेरान कोरोमिनासला त्या रात्री एकही गोल करता आला नाही.