वैशाखांतील क्रूसाचा सण

जुबिलीची स्मरणिका म्हटली म्हणजे तींत देवमंदिराच्या पायाभरणीचा, घंटांचा, वेदीचा व थोर धर्मगुरूंचा इतिहास यावा हें योग्यच आहे. आणि तो इतर लेखांत वाचकांस मिळेलच. आम्हीं मात्र येथें अशा एका गोष्टीचा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे कीं, जिची नोंद देवमंदिराच्या वह्यांत सहसा सांपडत नाहीं, पण जी आपल्या धर्मग्रामांतील लहानथोर सर्वांच्या अनुभवाची आहे. ती गोष्ट म्हणजे मे महिन्यांत पाड्यापाड्यांतील क्रूसापाशीं होणारी जपमाळ व लितानी, त्यामागून वांटले जाणारे उकडलेले चणे, आणि त्या निमित्तानें पांगलेल्या गणगोताचें एकत्र येणें. कित्येकांस ही केवळ सुटींतील मुलांची मौज वाटते. आम्हांसहि लहानपणीं तसेंच वाटे. लितानी चालली असतां आमचें अर्धें लक्ष चण्यांच्या टोपाकडे असे, हें कबूल केलें पाहिजे. परंतु या सणाचें मूळ शोधूं लागलें म्हणजे त्या टोपामागें केवढा इतिहास उभा आहे तें कळून येतें.

प्रथम सणाची तिथि पाहूं. चौथ्या शतकांत सम्राट् कॉन्स्टंटाइन याची माता संत हेलेना ही यात्रेसाठीं जेरुसलेमास गेली व तेथें तिला प्रभूचा क्रूस सांपडला, अशी ख्रिस्तसभेंत परंपरा आहे. त्याच शतकाच्या मध्याला जेरुसलेमचे बिशप संत सिरिल हे आपल्या प्रवचनांत क्रूसाच्या काष्ठाचा उल्लेख करितात, आणि सन ३९५ मध्यें मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनीं तर हेलेनेच्या शोधाची कथाच सांगितली. प्रभूच्या कबरेवरील मंदिराचें समर्पण सन ३३५ मध्यें सप्टेंबरांत झालें, व त्याची स्मृति १४ सप्टेंबरच्या क्रूसविजयाच्या सणांत राहिली. पश्चिमेकडील ख्रिस्तसभेंत मात्र क्रूसाच्या शोधाचा वेगळा सण ३ मे रोजीं पाळला जाऊं लागला, आणि तोच पोर्तुगीज मिशनऱ्यांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला.

सन १५३४ मध्यें गुजराथच्या बहादुरशहानें वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, तेथपासून सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसईचा किल्ला घेतला तोंपर्यंत, म्हणजे सुमारें दोनशें वर्षें, हा उत्तर कोंकण त्यांच्या अमलाखालीं होता. राज्य गेलें, परदेशी धर्मगुरु बहुतेक निघून गेले, कित्येक मंदिरें ओस पडलीं. आमच्या पूर्वजांनीं श्रद्धा मात्र टाकिली नाहीं. मंदिर लांब असो वा मोडकळीस आलेलें असो, दाराशीं क्रूस असला व जपमाळ म्हणणारी एक म्हातारी असली, म्हणजे प्रार्थना अडत नसे.

आतां कोणी विचारील कीं, चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हांतच आपल्याकडे सणसमारंभांची एवढी दाटी कां? याचें उत्तर कांहीं शेतांत आहे व कांहीं धर्मशास्त्रांत आहे. भाताचें पीक घरांत येऊन पडलेलें, पुढील पेरणीस अवकाश, म्हणून शेतकऱ्याचे हात तेवढे दिवस मोकळे. दुसरीकडे सन १५६३ मध्यें ट्रेंटच्या धर्मसभेनें असा नियम घालून दिला कीं, राखेच्या बुधवारापासून पास्काच्या अष्टाहाच्या अखेरपर्यंत थाटाचे विवाह होऊं नयेत. आगमनकाळापासून तीन राजांच्या सणापर्यंतहि तसाच निर्बंध होता. पास्काचा रविवार अगदीं उशिरा आला तर २५ एप्रिलला येतो. अष्टाह संपावयास २ मे उजाडतो. आणि मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळा बहुधा जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत लागतो. अर्थात् अशा वर्षीं उपवासकाळ व पाऊस या दोहोंमध्यें लग्नांस मिळत ते अवघे पांच-साडेपांच आठवडे! मग एकाच आठवड्यांत तीन मांडव पडावे, बँडवाल्यांची ओढाताण व्हावी, आणि एका लग्नास आलेल्या पाहुण्यांनीं दुसरें उरकून व वाटेंत क्रूसाच्या लितानीस हजर राहूनच परतावें, यांत नवल तें काय?

त्या आठवड्यांतील घरांचें वर्णन आमच्या वडील मंडळींच्या तोंडून ज्यांनीं ऐकिलें असेल त्यांस तें विसरणें शक्य नाहीं. अंगणांत चटयांवर लाल मिरच्या उन्हांत कडकडीत वाळत. मग वीस-पंचवीस जिन्नस भाजून लांकडी उखळींत लांब मुसळांनीं कुटले जात, आणि तो मसाला काळसर बाटल्यांत ठासून भरला जाई. यावरूनच त्याला बाटलीचा मसाला हें नांव पडलें. कोळीवाड्यांत परातींवर बोंबील सुकत असत. हें काम एकट्या घराचें नसे. आज आमच्या दारीं, उद्यां तुमच्या दारीं, अशी पाळी असे, व पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी शेजारधर्मानेंच पुरी होई. लग्नाच्या मांडवांत उंबराचें पाणी आणावयास स्त्रिया वाजतगाजत विहिरीवर जात, त्या पाण्यानें नवरानवरीस न्हाऊं घालीत, आणि चुलीवर ताडीनें आंबविलेल्या पिठाचे फुगे तळले जात.

त्या पंक्तींतील एकेक पदार्थ म्हणजे इतिहासाचें एकेक पानच होय. ज्या मिरचीवांचून आमचें कालवण होत नाहीं ती मूळची अमेरिकेची. काजू, अननस व बटाटा हेहि तिकडचेच, आणि यांचीं नांवें आपणांस पोर्तुगीजांच्या तोंडून मिळालीं. पाव हा शब्दहि त्यांचाच. द्राक्षमद्यांत व लसणींत मुरविलेलें त्यांचें मांस येथें आलें, द्राक्षांच्या जागीं ताडाचा शिरका पडला, वर आमच्या आयांनीं मसाला घातला, आणि विंदालू म्हणून तें असें कांहीं आपलें झालें कीं, आतां लिस्बनचा मनुष्यहि त्यास ओळखणार नाहीं. परकी वस्तु आपल्या चुलीवर चढवून आपली करून घ्यावी, पण विहीर, मांडव, उंबर व मायबोली सोडूं नये, ही आमच्या समाजाची रीत या पंक्तींत जितकी स्पष्ट दिसते तितकी दुसरीकडे क्वचितच दिसेल.

सन १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईस आगगाडी सुरू झाली. वसई, बोरिवली, अंधेरी, सांताक्रूझ, वांद्रें हीं गांवें एका सुतांत ओंवलीं गेलीं, आणि चाकरीसाठीं मुंबईस राहणाऱ्यांस गांवच्या क्रूसाकडे येणें सोपें झालें. परंतु माणसांस जवळ आणणारें शहरच एके दिवशीं त्यांस दूर लोटूं लागलें. सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत कांहीं रोगी पाहून एका डॉक्टरानें ही प्लेगची सांथ आहे असें निदान केलें. हे डॉक्टर आपल्याच धर्माचे, गोव्याचे आकासिओ गाब्रिएल व्हिएगस होत. पुढें सन १९०६ मध्यें ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले, व धोबी तलावापाशीं त्यांचा पुतळा आहे. सांथ पसरली तसे लाखों लोक शहर सोडून पळाले. घरांच्या झडत्या झाल्या. आजारी मनुष्य इस्पितळांत व त्याचीं माणसें छावणींत, अशी ताटातूट झाली. सन १८९७ च्या आरंभीं डॉक्टर हाफकिन यांनीं मुंबईंतच प्लेगची लस तयार केली व प्रथम स्वतःस टोंचून घेतली; तरीहि तो रोग पुढें कित्येक वर्षें येत-जात राहिला.

त्या भयंकर काळांत मुंबईच्या व साष्टीच्या गांवठाणांत लोकांनीं क्रूस उभारिले. कोणीं आपला पाडा वांचावा म्हणून नवस केला, कोणीं वांचल्याबद्दल आभार मानिले. कित्येकांच्या चौथऱ्यावर अद्यापि सन व उभारणाऱ्या घराण्याचें नांव वाचतां येतें. म्हणजे ज्या क्रूसापाशीं आपण आज चणे खातों, त्यांतील अनेकांपाशीं प्रथम जमले ते लोक मेजवानीसाठीं जमले नव्हते. शेजाऱ्याच्या श्वासाचें भय वाटावें असे ते दिवस होते. अशा दिवसांनंतर एकाच टोपांतून सर्वांच्या ओंजळींत खोबऱ्याचे तुकडे घातलेले चणे पडावे, यांत केवढा दिलासा असेल! आम्हांस तर वाटतें कीं, लितानीनंतरची ती मूठभर वांटणी म्हणजे भय सरल्याची खूणच होती.

पुढें सन १९६० मध्यें पोप तेविसावे योहान यांनीं रोमी पंचांगांतून ३ मे चा सण काढून टाकिला. क्रूसाचा मुख्य सण १४ सप्टेंबरचा तेवढा राहिला. पंचांगांतील तिथि गेली, पण पाड्यांतील सण गेला नाहीं. मे हा पवित्र मरियेच्या भक्तीचा महिना, शाळांस सुटी, पाहुणे घरीं. तेव्हां लोकांनीं आपापल्या सोयीचे दिवस धरून तो चालूच ठेविला. तो खंडित झाला तो सन २०२० मध्यें. त्या मार्चअखेर टाळेबंदी आली, मंदिरांचीं दारें मिटलीं, आणि मे महिन्यांत क्रूसापाशीं जमाव जमला नाहीं. महाराष्ट्रांतील प्रार्थनास्थळें पुन्हां उघडावयास १६ नोव्हेंबर उजाडला. ज्यांनीं त्या उन्हाळ्यांत आपल्या माणसाचें अंत्यदर्शनहि घेतलें नाहीं, त्यांस चौथऱ्यावरील १८९६ हा आंकडा समजावून सांगण्याची गरज उरली नाहीं.

आतां आमची चिंता निराळी आहे. विहिरी बुजत आहेत, अंगणांच्या जागीं इमारती उठत आहेत, रस्ते रुंद होतांना जुने क्रूस हलवावे लागत आहेत, आणि तरुण मंडळी आखातांत व कॅनडांत गेली आहेत. हें सर्व थांबविणें आपल्या हातीं नाहीं, आणि पोटासाठीं दूर गेलेल्यांस दोष देणेंहि बरें नव्हे. परंतु आपल्या हातीं जें आहे तें तरी करूं या. या जुबिलीच्या वर्षीं प्रत्येक पाड्यानें आपल्या क्रूसावरील अक्षरें घांसूनपुसून वाचावीं व तीं वहींत उतरून घ्यावीं. तो कोणीं व कां उभारिला हें सांगणारे वृद्ध हयात आहेत तोंवर त्यांस विचारावें. लितानी म्हणावयास मुलांस पुढें करावें. आणि ज्या घरांत एकच म्हातारा अथवा एकच म्हातारी उरली आहे, त्या घरास आमंत्रण देण्यास कोणाला तरी आवर्जून पाठवावें. चणे आदल्या रात्रीं भिजत घालावे लागतात, हें त्या घरास आपल्याहून अधिक ठाऊक असेल.

ज्यांनीं भीतीच्या दिवसांत हे क्रूस उभारिले त्यांस प्रभु चिरशांति देवो, आणि येत्या वैशाखांत आपणां सर्वांस, जवळच्यांस व दूरच्यांस, त्यांच्या सावलींत एकत्र आणो, एवढीच आमची प्रार्थना.