चांदण्यांच्या गावाची गिरकी

आम्ही जांभूळच्या मैत्रिणी. इतिहास म्हटला की आपल्या भागात अंबरनाथचं शिवमंदिर आठवतं, कल्याणचा दुर्गाडी किल्ला आठवतो. आज सांगणार आहोत तो इतिहासही कल्याणपासूनच सुरू होतो, पण तो आहे आकाशाचा.

१९६५ साली कल्याणजवळ ३२ तबकड्यांची एक दुर्बीण उभी राहिली. एकेक तबकडी सहा फूट रुंद. या तबकड्या ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या होत्या. तिथे त्या मोडीत निघणार होत्या, तेव्हा गोविंद स्वरूप या तरुण शास्त्रज्ञाने त्या भारतासाठी मागून घेतल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही पहिली रेडिओ दुर्बीण. तिला डोळा लावून बघायचं नसतं. आपला रेडिओ संच जसा लहरी पकडतो, तशी ती आकाशातून येणाऱ्या लहरी पकडते. कल्याणच्या तबकड्यांनी सूर्याचा अभ्यास केला. त्याच माणसांनी पुढे जी मोठी दुर्बीण बांधली, तिच्याकडे आपण शेवटी येऊच. आधी तिने मोजलं काय, ते समजून घेऊ.

आपला सूर्य एकटा नाही. अब्जावधी ताऱ्यांच्या एका मोठ्या गावात तो राहतो. त्या गावाला आपण आकाशगंगा म्हणतो. अशी गावं आकाशात असंख्य आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. ही गावं गिरकी घेतात. आपल्या सूर्याला आकाशगंगेची एक फेरी पुरी करायला वीस कोटींहून जास्त वर्षं लागतात. एवढी सावकाश फेरी कुणाच्या आयुष्यात दिसणार? मग ती मोजली कशी?

बदलापूरच्या फलाटावर उभं राहिलं की न थांबणारी पुण्याची गाडी भोंगा देत येते. येताना भोंगा बारीक, चढा ऐकू येतो आणि पुढे गेली की तोच भोंगा जाड होतो. भोंगा बदललेला नसतो. गाडी जवळ येताना आवाजाच्या लाटा दाटतात, लांब जाताना ताणल्या जातात. उजेडाचंही तसंच असतं. वस्तू आपल्याकडे येत असेल तर तिचा उजेड किंचित निळ्याकडे सरकतो, दूर जात असेल तर लालाकडे. दीर्घिका गिरकी घेत असेल तर तिची एक बाजू आपल्याकडे येत असते आणि दुसरी लांब जात असते. दोन्ही बाजूंच्या उजेडातला फरक मोजला की वेग कळतो.

अमेरिकेत १९१४ साली व्हेस्टो स्लायफर यांनी हा फरक एका दीर्घिकेत पाहिला. काम अतिशय चिकाटीचं होतं. १९१७ साली फ्रान्सिस पीज यांनी देवयानी दीर्घिकेचा उजेड एकाच काचेवर रात्रीमागून रात्री साठवला. सगळे तास मिळून सुमारे ऐंशी झाले, तेव्हा कुठे तिच्या मधल्या भागाचा वेग हाती लागला. कडेचा उजेड तर फारच मंद होता.

कडेला काय दिसेल, याबद्दल मात्र लोकांची खात्री होती. सूर्याभोवती फिरणारे ग्रह बघा. जवळचा बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, आपली पृथ्वी ३०, आणि सगळ्यात लांबचा नेपच्यून फक्त ५. जितकं लांब, तितकी ओढ कमी, तितका वेग कमी. दीर्घिकेचा बहुतेक उजेड मधोमध असतो. म्हणजे वजनही मधोमध असणार आणि कडेचे तारे हळू फिरत असणार, असा सरळ हिशेब होता.

हा हिशेब पडताळून पाहण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. तिचं नाव व्हेरा रुबिन, जन्म १९२८. प्रिन्स्टन विद्यापीठाकडे तिने खगोलशास्त्राच्या शिक्षणाची माहिती मागवली, तर मुलींना इथे घेत नाही असं उत्तर आलं. तो नियम १९७५ पर्यंत टिकला. मग तिने दुसऱ्या विद्यापीठात संध्याकाळचे वर्ग केले. नवरा गाडीने सोडायचा आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर थांबायचा, आईवडील लेकरं सांभाळायचे. १९५४ साली ती डॉक्टरेट झाली, तेव्हा पदरात दोन मुलं होती. पुढे चार झाली.

पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीवर बायकांना काम करायला परवानगीच नव्हती. कारण काय, तर तिथे बायकांसाठी शौचालय नाही! १९६५ साली व्हेराताईंना तिथे जायला मिळालं. त्यांनी कागदाचा छोटा घागरा कापला आणि दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला. म्हणाल्या, झालं बायकांचं शौचालय. सख्यांनो, शौचालय नाही म्हणून बाईने घरी बसायचं, हे आपल्यालाही नवीन नाही.

केंट फोर्ड या सहकाऱ्याने मंद उजेड वाढवून दाखवणारं यंत्र तयार केलं होतं. ते घेऊन दोघांनी देवयानी दीर्घिकेतल्या ६७ ठिकाणांचे वेग मोजले आणि १९७० साली निष्कर्ष छापले. कडेला वेग पडायला हवा होता, पण तो फारसा पडत नव्हता. पुढे त्यांनी दुसऱ्या दीर्घिका मोजल्या. १९८० साली २१ दीर्घिकांचे आकडे आले आणि त्यांतही तेच दिसलं.

पण तारे संपतात तिथे उजेडाची दुर्बीण थांबते. तिच्या पुढे रेडिओची दुर्बीण जाते. दीर्घिकेत हायड्रोजन वायू असतो आणि तो ताऱ्यांच्याही बाहेर लांबवर पसरलेला असतो. साडीच्या पदरासारखा म्हणा. हा वायू २१ सेंटीमीटर लांबीची लहर सोडतो, म्हणजे साधारण आपली एक वीत. अशी लहर असेल हे हॉलंडच्या व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ साली सांगितलं आणि १९५१ साली अमेरिकेत ती पकडली गेली. तिचाही गाडीच्या भोंग्यासारखाच फरक मोजता येतो. १९७८ साली हॉलंडच्याच आल्बर्ट बोस्मा यांनी अनेक दीर्घिकांच्या वायूचे वेग मोजले. तारे संपले, उजेड संपला, तरी वेग कमी होत नव्हता.

एवढ्या वेगाने फिरणारा वायू उधळून का जात नाही? त्याला ओढून धरणारं वजन तिथे असलं पाहिजे, पण ते दिसत नाही. शास्त्रज्ञ त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचं बनलंय हे अजून कुणालाही सापडलेलं नाही. काही जण तर म्हणतात, वजन नाही, गुरुत्वाकर्षणाचा नियमच लांब अंतरावर बदलत असेल. वाद चालू आहे. मोजलेले वेग मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहेत.

आता आपल्या मुलखात परत येऊ. मुरबाडवरून माळशेज घाट चढून ओतूरमार्गे नारायणगावकडे गेलं की खोडद गाव लागतं. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ३० तबकड्यांची दुर्बीण बांधली. कल्याणची तबकडी सहा फुटांची होती, खोडदची एकेक ४५ मीटर रुंद. १४ तबकड्या मधोमध, बाकीच्या २५ किलोमीटरच्या परिसरात शेतांमधून पसरलेल्या. तबकडीला पत्रा नाही, बारीक तारेची जाळी आहे. चाळणीची भोकं दाण्यापेक्षा लहान असली की दाणा अडतो, तशी रेडिओ लहर या जाळीवर अडते आणि वारा मात्र आरपार जातो. म्हणून वजन कमी आणि खर्चही कमी. २००१ साली ही दुर्बीण देशाला अर्पण झाली.

याच दुर्बिणीने २००५ साली एक लहानशी दीर्घिका मोजली गेली. पुण्याच्या आयेशा बेगम या तरुण संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ते काम. दीर्घिकेला नाव नाही, नुसता क्रमांक आहे, एनजीसी ३७४१. तिचा वायू तिच्या दिसणाऱ्या आकाराच्या आठ पटींहून लांब पसरलेला निघाला आणि तिथपर्यंत वेग टिकून होता. उजेड एवढासा आणि वजन मात्र फार मोठं, असं ते गाव.

व्हेरा रुबिन २०१६ साली गेल्या. त्यांना नोबेल मिळालं नाही. चिली देशात आता त्यांच्या नावाची मोठी वेधशाळा उभी आहे. गोविंद स्वरूप २०२० साली पुण्यात गेले. खोडदची दुर्बीण काम करते आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरतं. गटाने मिळून एखाद्या वर्षी लेकींना घेऊन जाण्यासारखं आहे.

आणि देवयानी दीर्घिका बघायला कुठे जायला नको. कार्तिक अमावास्येच्या आसपास, रात्री आठ-नऊच्या सुमाराला, बारवी धरणाच्या बाजूला जिथे दिव्यांचा झगमगाट नाही तिथून डोक्यावर, जरा उत्तरेला बघा. एक पुसट, कापसासारखा ठिपका दिसेल. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला २५ लाख वर्षं लागतात. आपल्याला दिसतो तो तिचा मधला उजळ भाग. तिची कडा त्याच्या कितीतरी बाहेर आहे.