साताऱ्याचा राजवाडा आणि १९१४ क्रमांकाचा विद्यार्थी

दर वर्षी ७ नोव्हेंबरला तिवसा असो की अकोला, महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून ‘विद्यार्थी दिवस’ साजरा होतो. राज्य शासनाने २०१७ साली तसा निर्णय घेतला. दूरच्या साताऱ्यातील एका शाळेची आठवण वऱ्हाडातल्या मुलांनी काढावी, याला कारण तिच्या नोंदवहीतील एक ओळ. १९०० साली त्या दिवशी भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. क्रमांक १९१४. तेव्हाची ती सरकारी शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते.

या शाळेची वास्तू म्हणजे छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा जुना राजवाडा. महाराजांना इंग्रजांनी १८३९ साली पदच्युत करून काशीस धाडले. १८४७ मध्ये परमुलखातच त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे बंधू शहाजी निवर्तले आणि औरस वारस नाही हे निमित्त करून डलहौसीने राज्य खालसा केले. १८५१ साली साताऱ्यात ही शाळा निघाली. राजा गेला त्या वाड्यात पुढे मुलांचे पाढे घुमू लागले.

आपल्या धर्मग्रामांतील शाळांच्या महोत्सवी स्मरणिका आम्ही आवडीने वाचतो. नामवंत माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे त्यांत हमखास असतात. ते शाळेत असताना कोठे बसत, हे सहसा कोणी लिहीत नाही. डॉ. बाबासाहेबांनी मात्र ते लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत, वयाच्या नवव्या वर्षापर्यंत आपणांस काय कळून चुकले होते, ते ते सांगतात. वर्गात गुणानुक्रमे बसण्याची मुभा नव्हती. एका कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. वर्ग झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे. म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. शाळेच्या अभिमानाची कथा सांगताना हे गोणपाट वगळणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटते.

याच शाळेच्या बाकांवर १९११ ते १९१८ या काळात आणखी एक मुलगा शिकला. विद्वान ब्राह्मण घराण्यातला, साताऱ्यातच जन्मलेला. ते प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. १९६४ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. स्वामीनारायण पंथाची मंदिरे अस्पृश्य मानलेल्यांना खुली असावीत की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा निकालपत्र त्यांनीच लिहिले. पंथ वेगळा असल्याची सबब अमान्य झाली, प्रवेशाचा हक्क मान्य झाला. तारीख होती १४ जानेवारी १९६६. १९१४ क्रमांकाच्या विद्यार्थ्याला जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.