बडोद्याची फिरती ग्रंथालये

हीरक महोत्सवी ग्रंथासाठी लेखाची सूचना आली, तेव्हा मला प्रथम शाळेतील ग्रंथालयाचे काचेचे कपाट आठवले. त्यात 'सृष्टिज्ञान'चे बांधीव अंक होते, ग्रहताऱ्यांवरची आणि पक्ष्यांवरची पुस्तके होती. पण कपाटाला कुलूप असे. पुस्तक हवे असल्यास नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे, असा नियम होता. कुतूहल असलेल्या मुलाला पुस्तकाचे नाव कोठून ठाऊक असणार? पावसाळ्यात दाराचे लाकूड का फुगते, एवढेच त्याला विचारायचे असते.

खेदाची गोष्ट अशी की, याच शहरात या अडचणीचा विचार फार पूर्वी झालेला होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. पण चार इयत्ता शिकून शेतावर परतलेला मुलगा वाचनाअभावी अक्षरेही विसरतो, हे त्यांच्या ध्यानी आले होते. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिल्यावर त्यांनी विल्यम अॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास १९१० मध्ये बडोद्यास आणले. राजवाड्यातील सुमारे २०,००० ग्रंथ देऊन मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. बॉर्डन येथे जेमतेम तीन वर्षे राहिले. पण तेवढ्यात त्यांनी वर्गीकरणाची नवी पद्धत बसवली, १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला, आणि ग्रंथालय मुक्तद्वार केले. वाचकाने स्वतः फडताळापाशी जावे, पुस्तक हाती घ्यावे, चाळावे, नको असल्यास परत ठेवावे. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी पुस्तके सांभाळणे हेच ग्रंथपालाचे काम मानले जात असताना ती मोठ्या विश्वासाची होती.

तथापि मला अधिक मोह पडतो तो फिरत्या ग्रंथालयांचा. मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून ती खेड्यात पाठवीत. गावच्या मंडळीने मागणी करावी, पेटी ठेवून घ्यावी, मुदत संपताच परत करावी. वाहतुकीचा खर्च जाता-येता सरकारचा. ज्या गावी स्वतःचे वाचनालय हवे असे, तेथे लोकांनी जमवलेल्या रकमेइतकीच रक्कम प्रांत पंचायत आणि सरकार प्रत्येकी घालीत. या चळवळीला लोकांतून बळ दिले ते मोतीभाई अमीन या शिक्षकाने. त्यांची मित्रमंडळ वाचनालये बॉर्डन येण्यापूर्वीच सुरू झाली होती. हे श्रेय केवळ दरबाराला देणे म्हणूनच बरोबर होणार नाही.

परंतु ज्यास अक्षरओळखच नाही, त्याने पेटीचे काय करावे? याचे उत्तर म्हणून ग्रंथालय खात्याने दृश्यशिक्षणाची शाखा काढली. खेड्यापाड्यांत तिचे खेळ विनामूल्य होत. चलच्चित्रे असत, काचपट्ट्यांची चित्रे दाखवणारा जादूचा कंदील असे (कल्याणच्या पटवर्धनांनी ज्याला 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त नाव दिले होते, तोच प्रकार), आणि स्टिरिओस्कोपही असे. हे शेवटचे उपकरण आता कोणाच्या पाहण्यात नाही, म्हणून थोडे सांगतो. एकाच देखाव्याची दोन छायाचित्रे किंचित निराळ्या जागांवरून, आपल्या दोन डोळ्यांत असते तसे अंतर ठेवून घेतात. ती शेजारी शेजारी लावून दोन भिंगांतून पाहिली, की प्रत्येक डोळ्याला आपापलेच चित्र दिसते; मेंदू दोहोंचा मेळ घालतो आणि सपाट कागदात खोली उतरते. पर्वत दूर जातो, पूल पुढे येतो. नायगऱ्याचा धबधबा पाहता पाहता 'मग एक डोळा मिटला तर?' असे एखाद्याने विचारले, की दृष्टिशास्त्राचा पहिला धडा झालाच. पुस्तकाच्या आधी प्रश्न निर्माण करणारे हे साधन ग्रंथालयाच्याच अखत्यारीत ठेवले, यातच खरी दृष्टी आहे असे मला वाटते.

आपल्या भाषेला यात काय मिळाले, हे पाहिले पाहिजे. प्रजा बहुसंख्य गुजराती. साहजिकच खेड्यांतील पुस्तके बहुतांशी त्या भाषेतली. तरीही १९१२ मध्ये निघालेले खात्याचे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असे. बॉर्डन यांच्यामागून ज. स. कुडाळकर या मराठी गृहस्थांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची धुरा वाहिली. दोन लाख रुपयांच्या निधीच्या व्याजातून श्रीसयाजी साहित्यमाला व बालज्ञानमाला गुजराती आणि मराठीत निघाल्या. त्याआधी, १९०९ मध्ये बडोद्यास साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. ते व्यवसायाने डॉक्टर, व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ. वनौषधींचा अभ्यासक मराठी साहित्याच्या व्यासपीठावर बसतो, यात तेव्हा कोणाला विसंगती वाटली नाही.

१९३१ मध्ये ग्रंथालय मांडवीजवळच्या आजच्या इमारतीत आले. तेथील ग्रंथदालनाची जमीन काचेची आहे. वरच्या मजल्यावरचा उजेड काचेतून खाली झिरपतो. दिव्यांची गरज कमी, म्हणून आगीचे भयही कमी. माझ्या मुलीला मी तेथे प्रथम नेले, तेव्हा पुस्तके राहिली बाजूला, ती खाली वाकून काचेतून अस्पष्ट दिसणाऱ्या सावल्याच पाहत बसली. पलीकडचे चित्र स्पष्ट का दिसत नाही, हे तिने विचारले. उत्तर मला नीट देता आले नाही. प्रकाशशास्त्रावरचे एक पुस्तक आम्ही दोघांनी मिळून फडताळावरून काढले.

शाळेच्या ग्रंथालयासाठी नवी कपाटे घेण्याचे माजी विद्यार्थ्यांनी ठरवले आहे. माझा वाटा मी दिला आहे. सोबतच्या पत्रात एवढीच विनंती केली आहे, की कपाटे उघडी असावीत, आणि सर्वांत खालचा कप्पा पाचवीच्या मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर असावा.